शब्दवेध : हेबिअस कॉर्पस

‘हेबिअस कॉर्पस’ हे मध्ययुगीन इंग्लंडच्या लॅटिन हुकूमनाम्यातले शब्द. ‘कॉर्पस’ म्हणजे देह, ‘हेबिअस’ म्हणजे तो तू हजर ठेव. हुकूम कैद्याला नव्हे, त्याला डांबणाऱ्याला: माणूस समोर आण, कैदेचं कारण सांग. आपल्या राज्यघटनेत मराठीत हीच ‘देहोपस्थिती’.

अमेरिकेत १८६७च्या कायद्याने राज्यांच्या तुरुंगांतल्या कैद्यांनाही संघीय न्यायालयाचं दार उघडलं. त्या दाराची खरी किंमत कळली ती १९२३ साली, ‘मूर विरुद्ध डेम्प्सी’ खटल्यात. आर्कान्सातले पाच कृष्णवर्णीय शेतकरी, खुनाचा आरोप, सगळे ज्युरी गोरे. संघीय न्यायालयात केलेल्या त्यांच्या हेबिअस अर्जातली हकीकत अंगावर काटा आणते: बाहेर खवळलेला जमाव, बचावाचा एकही साक्षीदार नाही, पाऊण तासात सुनावणी आटोपली, पाच मिनिटांच्या आत ‘दोषी’. शिक्षा मृत्युदंडाची. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ती उचलून धरली. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी बजावलं, संघीय न्यायाधीशाने हे स्वतः तपासलंच पाहिजे. पुढे पाचही जण सुटले.

१९९६च्या कायद्याने मात्र कैद्याच्या अशा हेबिअस अर्जाला साधारण वर्षभराची मुदत घातली. या टप्प्यावर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा घटनात्मक हक्क नाही. कोठडीत बसून स्वतःच कायदा वाचणाऱ्या माणसावर ही मुदत मला अन्यायाची वाटते.