इर्जिकीपासून मल्चरपर्यंत: कळस परिसरातील अवजड अवजारांची मालकी आणि निगा

इंदापूर तालुक्यातील कळस आणि लगतचा बारामतीचा पट्टा हा मुळात पर्जन्यछायेतील माळरानाचा प्रदेश असून, १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी या टापूत खेळू लागल्यावर येथील शेतीचे आणि तिच्याबरोबर अवजारांचेही स्वरूप पालटत गेले. जुन्या व्यवस्थेत नांगर, कुळव, पाभर ही लाकडी औते शेतकऱ्याच्या मालकीची असत. त्यांची डागडुजी सुतार-लोहार करीत आणि त्याबद्दल सुगीत बलुते, म्हणजे धान्याचा ठरलेला वाटा, घेत. हरळी-कुंद्याने धरलेली भारी जमीन फोडण्यास लागणाऱ्या अनेक बैलजोड्या एका घरी नसल्यामुळे इर्जिक घातली जाई, म्हणजे इतरांनी आपापले बैल घेऊन एकाच्या शेतावर राबायचे आणि त्याने सर्वांना जेवण घालायचे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केल्यानंतर या रचनेला तडा जाऊ लागला, कारण ओतीव सुटे भाग गावच्या भट्टीत घडवता येत नसत. पुढे १९३० च्या दशकात वालचंदनगरला आणि स्वातंत्र्यानंतर भवानीनगरला साखर कारखाने उभे राहिले, ऊस वाढला आणि त्याबरोबर पाचटाचा, म्हणजे तोडणीनंतर रानात पडणाऱ्या वाळल्या पानांचा, प्रश्न उभा राहिला. हेक्टरी आठ-दहा टन भरणारे हे पाचट पेटवून देण्याच्या रीतीने जमिनीला मिळू शकणारे सेंद्रिय द्रव्य वाया जाते. उलट त्याची कुट्टी करून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकल्यास ते खोडव्याच्या सरीतच कुजते.

ही कुट्टी करणारा मल्चर ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागील फिरत्या दांड्यावर, चालतो आणि त्याच्या रोटरवरील झुलती पाती पाचटाचे तुकडे करतात. वेडी बाभूळ चिरडणारी जंगलकामाची अवजड यंत्रे याच कुळातली असली, तरी त्यांच्या रोटरवर कठीण धातूचे दात पक्के बसवलेले असतात. पाते तुटले तर समोरच्या बाजूचे पातेही जोडीने बदलावे लागते, अन्यथा रोटरचा तोल जाऊन हादऱ्यांनी बेअरिंग निकामी होते. ठिबकच्या नळीचा तुकडा रोटरला गुंडाळला गेला तर तो लगेच काढावा लागतो आणि ग्रीस, पट्ट्यांचा ताण व गिअरबॉक्समधील तेल नियमित तपासावे लागते.

केंद्राच्या २०१४-१५ पासूनच्या यांत्रिकीकरण योजनेतील अवजारे बँका, म्हणजे भाड्याने अवजारे देणारी केंद्रे, सामाईक वापराचे जुने तत्त्व नव्या रूपात आणतात. परंतु बलुत्यामध्ये निगेची जबाबदारी नेमलेल्या कारागिराची होती, तशी ती भाड्याच्या यंत्राबाबत आपोआप कोणाची ठरत नाही. म्हणून खरेदीच्या अनुदानाइतकेच महत्त्व प्रशिक्षित चालक, सुट्या भागांचा साठा आणि देखभालीचा राखीव निधी यांना दिले गेले पाहिजे, कारण वर्षातील मोजक्याच हंगामात चालणारे यंत्र ऐन तोडणीत बंद पडले की पाचटाला पुन्हा काडी लागते.