निरोगी दिसणारा घोडा: एका आरोग्य दाखल्याचा इतिहास

दरवर्षी दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गुजरात, राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश येथील व्यापारीही तेथे घोडे आणतात. तेथे विकला गेलेला एखादा घोडा नागपूर, राजनांदगाव ओलांडून थेट रायपूरजवळच्या अभनपूरपर्यंत जाऊ शकतो. अशा प्रवासात त्याच्याबरोबर पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला असणे बंधनकारक आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार त्या दाखल्यात दोन गोष्टी नमूद कराव्या लागतात: घोडा प्रवासास योग्य आहे, आणि त्याला कोणताही संसर्गजन्य रोग नाही. पहिली गोष्ट अनुभवी पशुवैद्यकाला तपासणीत कळते. दुसरी कशी कळावी, या प्रश्नाने विज्ञानाला आणि कायद्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवले आहे.

एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश सैन्य घोड्यांवर अवलंबून होते. इराणच्या आखातातून आणि ऑस्ट्रेलियातून घोडे जहाजाने मुंबई बंदरात येत व तेथून देशभर पांगत. त्यांच्याबरोबर रोगही पांगत. त्यांतील सर्वांत भयंकर रोग ग्लँडर्स. नाकातून चिकट स्राव, फुप्फुसांत गाठी, कातडीवर फुटणारे व्रण ही त्याची लक्षणे. त्याचा त्वचेवर दिसणारा प्रकार ‘फार्सी’ या नावाने ओळखला जाई. हा रोग माणसालाही होतो आणि उपचार न मिळाल्यास बहुधा प्राण घेतो. त्याला आवर घालण्यासाठी १८९९ मध्ये ‘ग्लँडर्स अँड फार्सी ॲक्ट’ झाला. रोगी घोडा ताब्यात घेण्याचा आणि ठार करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. मात्र सरकार अधिसूचना काढेल त्याच भागात हा कायदा लागू होई, आणि रोग काही अधिसूचनेच्या हद्दीत थांबत नसे.

खरी अडचण त्याहून खोल होती. घोड्यांमध्ये ग्लँडर्स पुष्कळदा जुनाट स्वरूप धारण करतो. असा घोडा खातो, काम करतो, निरोगी दिसतो आणि महिनोन्महिने रोग पसरवत राहतो. १८८२ मध्ये लोफ्लर व श्युट्झ या जर्मन संशोधकांनी रोगाचा जिवाणू शोधला. तो आज ‘बर्कहोल्डेरिया मॅलेई’ या नावाने ओळखला जातो. पुढे १८९१ च्या सुमारास रशियन साम्राज्यातील हेल्मन आणि काल्निंग या दोन पशुवैद्यकांनी स्वतंत्रपणे या जिवाणूपासून ‘मॅलीन’ हा पदार्थ तयार केला. घोड्याच्या पापणीत तो टोचला आणि पापणी सुजली, तर आत दडलेला रोग उघड होतो. याच संशोधनात काल्निंग यांना ग्लँडर्सचा संसर्ग झाला आणि त्यांचा मृत्यू झाला.

सर्रा या दुसऱ्या रोगाचा धडा वेगळा होता. त्याचे नाव काही इंग्रजी शब्दकोश मराठीतील ‘सूर’ या शब्दाशी, म्हणजे श्वासाच्या आवाजाशी जोडतात. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने आजारी घोड्यांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म परजीवी पाहिले आणि रोगाचे कारण तेच असल्याचे सांगितले. वरिष्ठांना ते पटले नाही. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्राचा सविस्तर अभ्यास केला. ही प्रयोगशाळा नंतर मुक्तेश्वरला हलली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था उभी राहिली. सर्राचे परजीवी रक्तात कधी दिसतात, कधी दिसेनासे होतात. त्यामुळे एका दिवशी घेतलेला रक्ताचा थेंब निर्दोष आढळला, तरी घोडा निर्दोष ठरत नाही.

१९७० मध्ये अमेरिकेत लेरॉय कॉगिन्स यांनी घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची चाचणी विकसित केली. या विषाणूने ग्रासलेला घोडा वरून ठणठणीत दिसला तरी जन्मभर वाहक राहतो. त्यानंतर तेथे राज्याची सीमा ओलांडताना ‘कॉगिन्स’चा नकारात्मक अहवाल जवळ बाळगणे ही रीतच पडली. डोळ्यांनी केलेल्या तपासणीची जागा रक्ताच्या अहवालाने घेतली.

भारताला या बदलाची निकड २००६ मध्ये जाणवली. तोवर तुरळक आढळणारा ग्लँडर्स त्या वर्षी महाराष्ट्रात, पुणे आणि पाचगणी परिसरात उसळला आणि नंतर इतर राज्यांतही दिसू लागला. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने रक्ताच्या नमुन्यांच्या तपासणीतून रोगी जनावरे ओळखली. ग्लँडर्सवर लस नाही. बाधित घोड्यावर उपचार करून त्याला राखण्याची मुभाही नाही. त्याला वेदनारहित मरण देणे हाच मार्ग. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याने १८९९ चा कायदा रद्द केला. रोगग्रस्त भाग नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करणे, तेथून जनावरांची ने-आण रोखणे, तपासणी नाके व विलगीकरण छावण्या उभारणे हे अधिकार त्याने राज्यांना दिले.

जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतील लष्कराच्या अश्व केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त अश्व विभाग म्हणून मान्यता दिली. ग्लँडर्स, सर्रा आणि संसर्गजन्य रक्तक्षय हे तिन्ही रोग त्या मान्यतेच्या कक्षेत येतात. भारतीय घोड्यांना परदेशी स्पर्धांचा रस्ता त्यामुळे मोकळा होण्याची शक्यता आहे. तेथील बंदिस्त तबेल्यात प्रत्येक घोड्याच्या रक्तावर लक्ष ठेवता येते.

पाचगणीच्या पठारावर पर्यटकांना फिरवणाऱ्या किंवा वरातीसाठी घोडा भाड्याने देणाऱ्या माणसाची स्थिती निराळी असते. चाचणीचा अहवाल सकारात्मक आला, की त्याच्या घरची मिळकत त्याच दिवशी थांबते. पुरेशी भरपाई वेळेवर मिळेल याची खात्री नसेल, तर तो आजार लपवेल, चाचणी टाळेल आणि घोडा आडवाटेने सीमेपलीकडे विकून टाकेल. दडलेला रोग शोधणारी चाचणी विज्ञानाने दिली आहे. मालकाने आपणहून घोडा तिच्यासाठी पुढे आणावा, असा विश्वास निर्माण करणे हे शासनाचे काम आहे.