वैमानिकाचें वाढतें वजन

वसईनजीकच्या नंदाखालसारख्या गांवीं एखादा मुलगा भरलेली बादली हात ताणून डोक्यावरून गरकन् फिरवतो. बादली उलटी होते, परंतु पाणी सांडत नाहीं. तें तळाशीं दाबलें जातें. श्रोतेहो, वेगानें वळणाऱ्या लढाऊ विमानांत त्या पाण्याच्या जागीं वैमानिकाचें रक्त असतें.

बसलेल्या माणसाचा मेंदू हृदयाच्या वर सुमारें ३० सेंटिमीटर असतो. तेथवर रक्त चढविण्यास पाऱ्याच्या २२ मिलिमीटरइतका दाब खर्चीं पडतो. वळणांत शरीराचें वजन पांचपट झालें, म्हणजे पांच ‘जी’चा भार आला, कीं हा खर्च ११० मिलिमीटरांवर जातो आणि निरोगी हृदयाचें बळही अपुरें पडूं लागतें. प्रथम रंग फिके होतात, मग दृष्टीच्या कडा काळवंडतात, अखेरीस शुद्ध हरपते.

हें जमिनीवर शिकवावें कसें? एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थानें १९२९ मध्यें शिकाऊ वैमानिकांसाठीं कृत्रिम विमान बनविलें. वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यांत वाढलेल्या लिंकनें तसल्याच भात्यांनीं आपली पेटी झुकविली व वळविली. उपकरणें पाहून उड्डाण करण्याची विद्या तिनें उत्तम शिकविली; परंतु भात्यानें बैठक कलते, माणसाचें वजन वाढत नाहीं.

ती उणीव फिरत्या यंत्रानें भरून काढली. अमेरिकेंत जॉन्सव्हिल येथें ५० फूट लांब बाहूच्या टोकाशीं वैमानिकाची कोठडी बसविली होती. तेथें १९५८ मध्यें एक्स-१५ विमानाच्या वैमानिकांनीं सराव केला. कोठडींतील दांडा वैमानिक हालवी, त्याप्रमाणें त्याच्यावरील भार बदले. अनुकरण प्रथमच शरीरापर्यंत पोंचलें.

तथापि असलीं अवजड यंत्रें थोडीं. बहुतेक शिक्षण स्थिर बैठकीवर, पडद्यासमोर होतें. तेथें ठराविक भाराला पडदा काळा करणें सोपें, पण तें खरें नव्हे. मेंदूजवळ सुमारें पांच सेकंदांपुरताच प्राणवायू शिल्लक असतो. भार सावकाश चढला तर डोळे आधीं इशारा देतात. झपाट्यानें चढला तर इशाऱ्याविनाच शुद्ध जाते आणि ती परतल्यावरही कांहीं काळ भ्रम राहतो. म्हणून भार किती, यासवेंच तो किती वेगानें चढला, किती वेळ टिकला व वैमानिकानें स्नायू आवळले कीं नाहीं, हेंही गणितांत धरावें लागतें.

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाहीं. नाशिकजवळ ओझर येथें १९६४ मध्यें मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. पुण्याच्या लोहगांव तळावर २००२ मध्यें सुखोई-३० एमकेआय विमानें दाखल झालीं. त्यांत नऊपट भार येऊं शकतो. ६० किलोचा तरुण क्षणभर ५४० किलोंचा होतो. १९५७ मध्यें बंगळूर येथें स्थापन झालेल्या हवाई दलाच्या वैद्यकसंस्थेंत वैमानिकांना फिरत्या यंत्रांत बसवून हा भार सोसण्याचें शिक्षण देतात.

पडद्यापुढें निर्धास्तपणें घेतलेलें वळण आकाशांत प्राणघातक ठरूं शकतें. शिष्याला त्याच्या देहाची मर्यादा न दाखविणारें यंत्र त्याला अर्धीच विद्या देतें.