मानमोडीची तळटीप

निराला यांच्या ‘कुल्ली भाट’चा अनुवाद करताना एका जागी मी बरेच दिवस अडून होते. साल 1918. विशीतले निराला बंगालमधून डलमऊला सासुरवाडीला पोचतात, तोवर पत्नी मनोहरादेवी गेलेल्या असतात. पाठोपाठ घरातली आणखी माणसं जातात. गंगा प्रेतांनी भरून वाहते. इथे साथीविषयी तळटीप हवी होती. काम दोन ओळींचं. पण साथीला म्हणायचं काय?

‘स्पॅनिश फ्लू’ हे नाव फसवं आहे. युद्धात उतरलेल्या देशांत बातम्यांवर सेन्सॉरची कात्री होती. स्पेन तटस्थ, तिथल्या वर्तमानपत्रांनी राजा आल्फोन्सोच्या आजारपणासकट सगळं छापलं आणि साथीचं गोत्र स्पेनला चिकटलं. ‘इन्फ्लुएन्झा’ मुळात इटालियन: ग्रहताऱ्यांचा प्रभाव. मराठीत मात्र जुनी माणसं ‘मानमोडी’ म्हणत. माझी आजी जन्मली नंतर, पण घरातल्या कुणाचं वय सांगताना ती ‘मानमोडीच्या साली’ म्हणायची. हा शब्द तिला तिच्या आईकडून मिळालेला. त्यात ग्रहतारे नाहीत, परदेश नाही. फक्त धडधाकट माणसाची मोडलेली मान आहे.

मुंबईत साथ नोंदली गेली ती 10 जून 1918 रोजी. पोलीस रुग्णालयात सात शिपाई तापाने दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. महापालिकेचे आरोग्याधिकारी टर्नर यांनी लिहिलं, की ही साथ रात्रीच्या चोरासारखी आली. उपमा बायबलमधली, पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रातली. अनुवादक म्हणून मला ती आवडली. इतिहास वाचल्यावर मात्र खटकली. जूनला ती लागू पडते. पण जुलैअखेर साथ ओसरली आणि सप्टेंबरात उलटून आली, तेव्हा चोर घर पाहून गेलेला होता.

दुसरी लाट भयंकर होती. 6 ऑक्टोबरला, नवरात्राच्या दिवसांत, एकट्या मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. मरत होती ती वीस ते चाळीस वयाची, कमावती माणसं. त्यांतही बायका अधिक. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, आणि बरेच डॉक्टर युद्धावर होते. आगगाडीने ताप गावोगाव नेला. देशात किती गेले? अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. गावोगावी मृत्यू नोंदवणारी यंत्रणाच कोलमडल्यावर नेमका आकडा कुठून येणार? 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसते. असं त्याआधी किंवा नंतर कधी झालेलं नाही.

मुंबईतला आणखी एक आकडा मी वहीत उतरवून ठेवला आहे. युरोपियनांत मृत्यूचं प्रमाण दर हजारी 8.3 होतं, ज्यांना सरकारी तक्ते ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हणत, त्यांच्यात 61.6. विषाणू एकच होता. खोली, अन्न, दूध आणि उशाशी बसणारं माणूस, हे सारखं नव्हतं.

मग प्लेग आपल्या लक्षात राहिला आणि मानमोडी का नाही? प्लेगच्या कथेत रँड आहे, घरझडती आहे, रुग्णसेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई आहेत. प्लेगच्या सक्तीने लोक किती खवळले, हे सरकारलाही आठवत होतं. 1918 मध्ये त्याने तशी सक्ती केली नाही. पुष्कळसा भार सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी आणि स्वयंसेवकांनी उचलला. ज्या संकटात खलनायक नसतो, त्याची गोष्ट रचणं कठीण जातं. काही महिन्यांत जालियनवाला बाग घडली आणि मानमोडी घरांपुरती उरली: वंशावळीत एकाच सालापाशी थांबलेली दोन-तीन नावं.

तेव्हाच्या लोकांना दोष देणं सोपं आहे. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला 1933 साली. तोवर डॉक्टर एका जिवाणूचा माग काढत होते. आज पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळा वर्षभर नमुने तपासतात आणि लशीचे घटक वर्षातून दोनदा नव्याने ठरतात. हा विषाणू सतत थोडा थोडा बदलतो. अधूनमधून पक्षी, डुक्कर आणि माणूस यांच्यातल्या विषाणूंची जनुकं एकत्र येऊन अगदीच अनोळखी रूप घेतो. 2009 मध्ये तसंच झालं. पुढचं रूप कधी येईल ते सांगता येत नाही. पण 61.6 आणि 8.3 यांतलं अंतर कमी करायला नव्या विषाणूची वाट पाहावी लागत नाही. पूर्वतयारी म्हणजे लस आणि प्रयोगशाळा, तशीच रेशन, हवेशीर खोली, परिचारिका, आणि प्रत्येक मृत्यूची खरी नोंदही.

तळटीप शेवटी सहा ओळींची झाली. सुरुवात ‘मानमोडी’ या शब्दाने केली, ‘इन्फ्लुएन्झा’ त्याच्या मागून येतो. निराला यांच्या घरातली माणसं आणि माझ्या आजीच्या वंशावळीतली नावं एकाच साथीत गेली, हे मराठी वाचकाला कळायला तोच शब्द हवा होता.