ऑर्डरीच्या मागे चालणारा पदवीधर

शिकाऊ डॉक्टर जसा रुग्णाच्या खाटेपाशी घडतो, तसा इंजिनिअर कारखान्यात घडावा, या कल्पनेतून १९७५ साली ब्रिटनमध्ये ‘टीचिंग कंपनी स्कीम’ सुरू झाली. सायन्स रिसर्च कौन्सिल आणि उद्योग खात्याने ती मिळून उभी केली. नमुना डोळ्यांपुढे होता तो ‘टीचिंग हॉस्पिटल’चा.

तीन बाजूंनी हा संसार चाले. एक कंपनी, एक विद्यापीठ आणि नुकताच पदवी घेतलेला तरुण किंवा तरुणी, म्हणजे ‘असोसिएट’. नेमणूक विद्यापीठाची, रोजचे काम मात्र कंपनीत. प्राध्यापकाने आठवड्यातला साधारण अर्धा दिवस या कामाला द्यायचा. खर्चाचा एक वाटा सरकार उचले, उरलेला कंपनी. स्वतःचे पैसे गुंतल्यामुळे मालकही कामाचा पाठपुरावा करी. योजना टिकली त्यात या तरतुदीचा वाटा मोठा आहे.

छोट्या उद्योगांना अशा मदतीची गरज होतीच. त्यांचा अर्थव्यवस्थेतला वाटा घटत चालल्याचे लघुउद्योगांचा अभ्यास करणाऱ्या बोल्टन समितीने १९७१ मध्येच दाखवून दिले होते. पुढे १९८२ हे वर्ष ब्रिटनने ‘माहिती तंत्रज्ञान वर्ष’ म्हणून पाळले, संगणक स्वस्त होऊ लागले; पण यंत्र विकत घेतले म्हणजे धंदा संगणकावर आला असे होत नाही. लहान कारखान्यात ऑर्डर फोनवर येई आणि जॉबकार्डावर उतरे. शिल्लक माल स्टोअरच्या वहीत असे, तर कोणते काम कोणत्या मशीनवर आधी लावायचे हे फोरमनच्या डोक्यात. म्हणून असोसिएटला आधी संगणकापाशी बसून भागत नसे. एखाद्या ऑर्डरीच्या मागे मागे स्टोअरपासून माल गाडीत चढेपर्यंत चालायचे, ती कुठे अडते ते टिपायचे आणि फोरमनच्या डोक्यातले त्याच्याशी बोलून कागदावर आणायचे. उत्पादन नियोजनाची किंवा साठ्याची प्रणाली बसवायची ती त्यानंतर. हे काम दुकानातून आणलेल्या सॉफ्टवेअरला जमणारे नव्हते. त्यासाठी महिनोन् महिने तिथेच वावरणारे माणूस लागे.

२००३ मध्ये या योजनेची जागा ‘नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप्स’ने घेतली. प्रकल्प एक ते तीन वर्षांचे असतात आणि लहान कंपनीला साधारण एक तृतीयांश खर्च सोसावा लागतो. मुदत संपल्यावर अनेक असोसिएटना तीच कंपनी नोकरी देऊ करते, त्यामुळे बसवलेली प्रणाली सांभाळणारे माणूस घरातच राहते.

हाच तिहेरी साचा उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातल्या सीमेपलीकडे गेला. उत्तर आयर्लंडविषयीच्या १९९८ च्या शांतता करारातून ‘इंटरट्रेडआयर्लंड’ ही संस्था जन्मली आणि तिने ‘फ्यूजन’ योजना आणली. तीत कंपनी सीमेच्या एका बाजूची, तर शिक्षणसंस्था दुसऱ्या बाजूची असे. दोन्हींना जोडणारा दुवा इथेही पदवीधरच होता.