नारदाची वीणा कुणाकडून आणली?

आमच्या गावच्या मराठी शाळेने यंदा स्नेहसंमेलनात ‘संगीत सौभद्र’मधले दोन प्रवेश करायचे ठरवले. ठरवले बाईंनी, मुलांनी नुसती मान डोलावली. पदे तीनच घेतली होती. तालमी सुरू झाल्या आणि बाईंनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. “तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला याद्यांची सवय.” चिठ्ठीत होते: वीणा १, चिपळ्या १ जोड, त्रिदंड, कमंडलू, समया २, चौरंग, शेला, तबक, पानदान.

नाटकवाले याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. मला हा शब्द नेहमी गमतीचा वाटतो, कारण निदान आमच्याकडे तरी यातले काहीच मालकीचे नसते.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, आणि पुढच्या चाळीस वर्षांत संगीत नाटक म्हणजे सामानाचे पेटारे घेऊन गावोगाव फिरणारा एक मोठा संसारच झाला. चित्रपटांकडे वळण्याआधी बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत. बालगंधर्वांना तर रंगमंचावर खरेच गालिचे, खरेच अत्तर आणि भारी शालू लागत. त्यापायी झालेल्या कर्जाच्या कथा आपण सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत.

गोव्यात काला आणि दशावतार तर जुनेच. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, इथल्या हिंदूंवरची बंधने सैल झाली, तेव्हा शाळा, वाचनालये निघाली आणि त्यांच्या जोडीने जत्रेतल्या हौशी नाटकांनाही जोर आला. पण गावच्या मंडळाकडे पेटारे कुठले? पडदे आणि कपडेपट भाड्याने यायचा, बाकी सगळे घराघरांतून. आमच्या घरी आजोबांची नाटकाची वही आहे, पोर्तुगीज काळातली. कुणी काय काम केले ते तिच्यात एका पानावर आटोपले आहे. कुणाच्या घरून काय आणले आणि कधी परत केले ते मात्र पाने भरून आहे. तांब्याचे घंगाळ कुणाचे, पायपेटी कुणाची, पेट्रोमॅक्स कोणत्या दुकानातून, सगळे. एका पानावर ‘समईची एक वात-चिमटी हरवली, आठ दिवसांत देणे’ असाही शेरा आहे. ती दिली की नाही ते कळत नाही.

मी त्या वहीवरूनच कामाला लागलो. त्रिदंडाला वेळ लागला नाही. कुळागरातून तीन बारीक बांबू आणून एकत्र बांधले. हा त्रिदंड नसेल तर सौभद्र पुढेच सरकत नाही. बलराम सुभद्रा दुर्योधनाला द्यायला निघालेला, निराश झालेला अर्जुन त्रिदंडी संन्यासी होतो, आणि कृष्ण सगळे जाणून मजा बघतो. कमंडलू सुकलेल्या भोपळ्याचा केला. अडकलो ते नारदाच्या वीणेशी.

वहीत स्पष्ट होते: ‘वीणा १, शेला १. देवळाकडून.’ म्हणून देवळात गेलो. तिथे वीणा आहे, पण ती सप्ताहाची. सप्ताह चालू असताना ती खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. “नाटकाला? आजवर कधी दिलेली नाही,” पुजारी म्हणाले. तेही देवळाच्या अगदी जुन्या लोकांना विचारून आले होते.

घरी येऊन वडिलांना विचारले. ते आता पंच्याऐंशीचे आहेत. लहानपणी त्यांनी त्याच नाटकात कुसुमावतीचे काम केले होते. त्यांनी वही न बघताच सांगितले, “देवळाकडची न्हय रे. देवळाफाटल्या घरची.”

देवळामागचे घर म्हणजे कुणाचे हे आमच्या गावात सांगावे लागत नाही. त्या घरात देवळातल्या गाण्याची सेवा पिढ्यान्‌पिढ्या होती. वाद्ये असायची तीही अशाच घरांत, कारण शिकायचे-शिकवायचे तिथेच. मास्टर दीनानाथांच्या आई येसूबाई मंगेशीच्या देवळात गायच्या. मोगूबाई कुर्डीकर लहानपणी नाटक कंपनीत होत्या, पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत, म्हणजे बायकांच्याच कंपनीत. पेडण्याचे नाव लावणाऱ्या हिराबाई पेडणेकरांनी तर नाटके लिहिली. गोव्याने संगीत रंगभूमीला काय दिले याची यादी करायला बसलो तर निम्मी अशाच घरांतून येते.

वडील पुढे म्हणाले, सुभद्रा झालेल्या मुलाला पदे त्याच घरातल्या बाईंनी बसवून दिली होती. त्यांच्या ओसरीवर, दुपारच्या वेळी, महिनाभर. नाटकाच्या हातपत्रिकेवर मात्र पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांचे नाव आले. शेलाही बाईंचाच. म्हणजे आजोबांनी, जे वात-चिमटीचाही हिशेब ठेवत, त्या घरापाशी येऊन लेखणी वळवली आणि ‘देवळाकडून’ लिहिले. मी आजोबांना दोष देऊ की काळाला, मला ठरवता आलेले नाही. आमच्या खात्यात एक समजूत आहे की जे कागदावर नाही ते घडलेलेच नाही. म्हणून ही नोंद मला जास्त टोचली.

दुसऱ्या दिवशी त्या घरी गेलो. तिथे आता त्या बाईंची नात राहते, निवृत्त शिक्षिका. चहा झाला, शाळेचा विषय झाला. पटसंख्या किती उरली, हे त्यांनी आधी विचारले. मग मी वीणेचे काढले आणि, लपवायचे कशाला म्हणून, वहीतली नोंदही सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

“वीणा दितां हांव. पूण वहींत कितें बरयतले तुमी?”

मी आजीचे नाव विचारले. त्यांनी सावकाश, वडिलांच्या नव्हे तर आईच्या बाजूने, तीन पिढ्यांची नावे सांगितली. जन्मापासून याच गावात राहून मला त्यातले एकही माहीत नव्हते. ती नावे मी नव्या वहीत लिहिली आहेत. इथे छापू नका असे त्यांनी सांगितले, म्हणून देत नाही.

वीणा कपाटावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. एकही तार शिल्लक नव्हती, खुंटी एक सैल. म्हापशाहून तारा आणून बसवून घेतल्या. नारद झालेला तिसरीतला मुलगा काम संपल्यावरही ती गळ्यातून काढायला तयार होईना. शेवटी बाईंनी त्याला चिपळ्या दिल्या तेव्हा सुटली.

परवा वीणा परत पोचवली. वहीत ‘परत मिळाले’ या रकान्यात त्यांची सही घेतली. तारीख त्यांनी स्वतःच घातली.