शिळ्या कढीला आलेला ऊत

शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि काही वर्षांतच मुंबई-पुण्याच्या चाळी-वाड्यांचा आठवडा या दोन सिनेमांभोवती फिरू लागला. ज्यांच्याकडे टीव्ही, त्यांच्या घरी अख्खा मजला. पोरं पुढे सतरंजीवर, बायका भिंतीला टेकून, उशिरा आलेले पुरुष दारात उभे. चित्र हललं की एकजण गच्चीवर धावायचा आणि अँटेना फिरवत वरून ओरडायचा, ‘आलं का?’ सिनेमा ऐन रंगात आला की मध्येच बातम्या लागत.

घरी पाहिलेल्या सिनेमावरची चर्चा आपल्याकडे खऱ्या अर्थानं याच बातम्यांच्या वेळेत रुजली. मध्यंतर थिएटरातही होतं, पण तिथे माणूस वडा-चहाच्या रांगेत अडकायचा. इथे खोलीत पंधरा-वीस माणसं, सगळी ओळखीची, आणि समोरचा सिनेमा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा. कुणा काकांनी तो ऐन तारुण्यात पाहिलेला, कुणा मुलीनं त्यातली फक्त गाणी रेडिओवर ऐकलेली. काका म्हणत, ‘आता काय कामं करतात लोक!’ आणि मुलगी विचारी, ‘पण ती त्याला सोडून का जात नाही?’ दोन पिढ्या एकाच जुन्या गोष्टीवरून भांडत.

जुना सिनेमा हाच घरगुती मताचा खरा विषय, आणि त्याची कुळकथा इथूनच वेगळी होते. थिएटरातलं मत नव्या सिनेमाबद्दल असतं आणि ते घाईत जन्मतं. सिनेमा लागला की परीक्षण छापून येतं आणि वाचकाचा प्रश्न एकच असतो, तिकिटाचे पैसे वसूल होणार का? त्या घाईतूनच चांदण्या निघाल्या. 31 जुलै 1928 रोजी ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या सिनेमाला तीनपैकी एक स्टार दिला, आणि सिनेमाला स्टार देण्याची रीत तिथून सुरू झाली असं मानलं जातं. सिनेमा उतरला की त्याच्याबरोबर मतही रद्दीत जायचं. आपल्याकडे मॅटिनीनं जुन्या सिनेमांना पुष्कळ काळ जगवलं, हे मान्य करायलाच हवं. पण मॅटिनीला काय लावायचं हे थिएटरवाला आणि वितरक ठरवत. प्रेक्षकाच्या हाती फक्त वाट पाहणं होतं.

अमेरिकेत हे चित्र 1950च्या दशकात पालटलं. टीव्हीच्या धसक्यानं हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आधी हात आखडता घेतला होता. मग 1955च्या अखेरीस आरकेओचे सुमारे 740 सिनेमे टीव्हीसाठी विकले गेले, आणि वॉर्नरसारखे बाकीचे स्टुडिओ त्याच वाटेनं गेले. 3 नोव्हेंबर 1956ला सीबीएस वाहिनीवर ‘द विझार्ड ऑफ ओझ’ दाखवला गेला, तेव्हा तो 17 वर्षांचा जुना सिनेमा होता. घराघरांत अचानक हजारो सिनेमे येऊन पडले, आणि त्यांतला कुठला पाहावा हे सांगणारं कोणी नव्हतं. वृत्तपत्रांच्या समीक्षकांना नव्या सिनेमांतूनच सवड नव्हती.

ती उणीव दोन पुस्तकांनी भरून काढली. स्टीव्हन शॉयर यांचं टीव्हीवरच्या सिनेमांचं पुस्तक 1958मध्ये आलं. प्रत्येक सिनेमाला चार ओळी आणि चांदण्या. पुढे लेनर्ड माल्टिन या पोरसवदा सिनेवेड्यानं 1969मध्ये ‘टीव्ही मूव्हीज’ काढलं, तेव्हा तो 18 वर्षांचा होता. त्याआधीपासून तो शाळेत असतानाच ‘फिल्म फॅन मंथली’ नावाचं छोटं मासिक चालवत असे. त्याच्या पुस्तकाच्या आवृत्त्या 2014पर्यंत निघत राहिल्या. लोक ते टीव्हीशेजारी ठेवत, त्यातल्या ओळींशी भांडत, समासात स्वतःचे शेरे लिहीत. परीक्षण वाचून सिनेमाला जाणाऱ्यापेक्षा सिनेमा संपल्यावर पुस्तक उघडून ‘हा काय म्हणतो बघू’ असं पाहणारा वाचक वेगळाच. त्याला शिफारस नको होती, बोलायला कोणीतरी हवं होतं.

या घरगुती प्रेक्षकानं काय केलं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे फ्रँक काप्रांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. 1946मध्ये तो फारसा चालला नाही. 28 वर्षांनी, 1974मध्ये, त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. आता टीव्ही केंद्रांना तो फुकटात मिळू लागला आणि नाताळात ती तो पुन्हा पुन्हा दाखवू लागली. पडलेला सिनेमा बघता बघता अमेरिकेच्या नाताळाचा भाग बनला. हे मत कोणत्याही समीक्षकानं दिलेलं नव्हतं.

पुढची कडी व्हिडिओ टेपची. सोनीचं बीटामॅक्स 1975मध्ये आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस 1976मध्ये. 1977मध्ये मिशिगनच्या आंद्रे ब्ले यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून 50 सिनेमांचे हक्क घेऊन कॅसेटी विकायला काढल्या, आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज ॲटकिन्सन यांनी त्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. टीव्हीवरून सिनेमा टेप करणं हा स्वामित्वहक्काचा भंग आहे का, यावरची लढाई अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1984मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल प्रेक्षकाच्या बाजूनं लागला.

महाराष्ट्रात टेप आली ती आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून, आणि 1982मध्ये रंगीत टीव्ही आल्यावर ती खरी पसरली. व्हीसीआर विकत घेणं मोजक्यांनाच परवडे. बाकीच्यांचा हिशेब असा: टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्यानं आणायच्या, शेजाऱ्यांनी वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत जागायचं. गणपतीच्या जागरणाला, लग्नघरी, पुढे रात्रीच्या व्हिडिओ कोचमध्येही हेच. यांतल्या पुष्कळ कॅसेटी चोरीच्या होत्या. चोरी इतकी माजली, की 1984च्या दुरुस्तीनं स्वामित्वहक्क कायद्यात व्हिडिओ फिल्मचा वेगळा उल्लेख करावा लागला.

या व्यवहारानं मराठी घरांना एक नवी भाषा दिली. कॅसेटींच्या लायब्ररीत पहिला प्रश्न सिनेमा कसा आहे हा नसे, तर ‘प्रिंट कशी आहे?’ हा असे. थिएटरात कॅमेरा लपवून नेऊन चित्रित केलेली ती हॉल प्रिंट. तिच्यात मध्येच कुणाचं तरी डोकं उठून जायचं. लाइन येतात, ट्रॅकिंग फिरव, हेड साफ कर, ही सगळी घराघरांतली बोली झाली. लायब्ररीवाला हा गल्लीतला सर्वांत अधिकारी समीक्षक होता. कॅसेट परत करताना गिऱ्हाईक जे एक वाक्य टाकून जाई, तेच तो पुढच्याला सांगे, पण माणूस ओळखून. कुणाच्या घरी सासूबाई सोबत बसतात आणि कुणाला मारामारीशिवाय झोप येत नाही, हे त्याला पाठ असे.

आणि खुद्द कॅसेटही मत नोंदवायची. व्हीसीआरमध्ये हेड बसवलेला ड्रम असतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो मिनिटाला 1500 फेरे घेतो. चित्र थांबवलं, तरी ड्रम फिरतच राहतो आणि टेपच्या त्याच तुकड्यावर घासत राहतो. त्यामुळे जे दृश्य लोकांनी पुन्हा पुन्हा मागे घेऊन, थांबवून पाहिलं, तिथेच टेप आधी झिजायची. भाड्याच्या कॅसेटीत नेमक्या एखाद्या गाण्यावर पांढऱ्या रेघा उठू लागल्या, की आधीच्या अनोळखी प्रेक्षकांना काय आवडलं ते न सांगता कळायचं.

त्याच काळात इंग्लंडमध्ये कॉल नीडहॅम नावाचा एक शाळकरी मुलगा पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची तारीखवार नोंद ठेवत होता. ‘एलियन’ची कॅसेट हाती आली तेव्हा त्यानं 14 दिवसांत तो 14 वेळा पाहिला. घरी सिनेमे इतके पाहून होत, की कोणता पाहिला आणि कोणता राहिला हेच आठवेना. म्हणून वही, मग वहीतून संगणक, मग श्रेयनामावल्या उतरवून घेणं. विद्यापीठं आणि कंपन्यांचे संगणक जोडणाऱ्या यूजनेटवर त्याला त्याच्यासारखीच माणसं भेटली. तिथे सुंदर डोळ्यांच्या नट्यांवरून सुरू झालेल्या गप्पांतून याद्या वाढत गेल्या. 17 ऑक्टोबर 1990 रोजी त्यानं या याद्यांत शोध घेता येईल असे प्रोग्राम सगळ्यांसाठी खुले केले. आयएमडीबी या सिनेमांच्या ऑनलाइन माहितीकोशाचा जन्म तो. पुढे 1998मध्ये ॲमेझॉननं ती विकत घेतली.

दहापैकी गुण देण्याची तिथली पद्धत आज आपल्याकडेही सर्रास उद्धृत होते, पण त्यामागची युक्ती फार थोड्यांना ठाऊक असते. सर्वोत्तम 250ची यादी करताना सरळ सरासरी घेत नाहीत. ज्या सिनेमाला मतं थोडी, त्याचे गुण एकूण सरासरीकडे ओढले जातात. मतं वाढतील तसा तो स्वतःच्या गुणांवर उभा राहतो. दोन-चार मित्रांनी दहापैकी दहा दिले म्हणून कोणी वर चढत नाही. त्या यादीत 2008पासून पहिल्या जागी असलेला ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ हाही घरातच मोठा झालेला सिनेमा आहे. 1994मध्ये तो थिएटरात आपटला. कॅसेटीनं आणि केबलवरच्या फेरप्रक्षेपणांनी त्याला उभं केलं.

त्याच 1994 सालचा राजकुमार संतोषींचा ‘अंदाज अपना अपना’ आपल्याकडे याच वाटेनं गेला. लागला तेव्हा हुकला, आणि मग टीव्हीवर वर्षानुवर्षं पाहून दोन पिढ्यांना पाठ झाला. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988मध्ये थिएटरातही जोरात चालला होता, पण 1988नंतर जन्मलेल्यांना त्यातली वाक्यं तोंडपाठ आहेत ती टीव्हीमुळेच. जेवणाच्या ताटावर बसून पंचविसाव्यांदा पाहताना ‘आता बघ हं’ असं आधीच सांगणारं कोणीतरी घरोघरी असतं. ते सांगणं हीदेखील समीक्षाच आहे, आणि फार प्रेमाची.

घरात मोठं झालेलं मत आता थिएटरलाही कामाला लावू लागलं आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ ऑक्टोबर 2018मध्ये लागला. कोकणातल्या गावाचं नाव, नारायण धारप यांच्या कथेतून रुजलेली कल्पना आणि जवळजवळ सिनेमाभर कोसळणारा पाऊस. तेव्हा गल्ला बेताचाच जमला. मग लोकांनी तो मोबाइलवर, लॅपटॉपवर पाहिला, एकमेकांना पाहायला लावला आणि प्रत्येकानं वर तीच हळहळ जोडली, हा मोठ्या पडद्यावर पाहायचा राहून गेला. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. शेवट माहीत असलेली माणसं तिकीट काढून आत बसली होती, आणि शेजारी प्रथमच आलेल्या मित्राला काही सांगायचं नाही म्हणून ओठ मिटून होती.